शिकण्यासाठी अधिक साहाय्य लागणारी मुले : हक्क आणि कर्तव्ये

वर्गातील काही मुलांना इतरांपेक्षा अधिक साहाय्याची गरज असते, ही गोष्ट शिक्षकांना नवी नाही. एखाद्याला फळा दिसत नाही, एखादीला ऐकू येत नाही, कोणाला नवी गोष्ट समजण्यास पुष्कळ वेळ लागतो, कोणाला एका जागी स्थिर बसणे कठीण जाते. शिवाय काही मुले अशी असतात की त्यांची दृष्टी, श्रवण आणि बुद्धी ही तिन्ही शाबूत असूनही अक्षरे त्यांना वश होत नाहीत. अशा मुलांसाठी शाळेने काही वेगळे करावे असे पूर्वीही म्हटले जात असे. परंतु तेव्हा ते शाळेच्या सद्भावनेवर अवलंबून होते. आज ते कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य आहे. हा बदल भारतात कसा घडून आला, कोणते कर्तव्य कोणावर आहे आणि ते पार पाडले गेले नाही तर पालकाने कोठे दाद मागावी, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

सद्भावनेपासून हक्कापर्यंत

राज्यघटना १९५० मध्ये अमलात आली तेव्हा शिक्षण हा मूलभूत हक्क नव्हता. चौदा वर्षे वयापर्यंतच्या सर्व बालकांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे अनुच्छेद ४५ मध्ये म्हटले होते. हा अनुच्छेद निदेशक तत्त्वांपैकी असल्यामुळे त्याच्या आधारे न्यायालयात जाता येत नव्हते. विकलांगतेच्या प्रसंगी साहाय्य देण्याचा उल्लेख अनुच्छेद ४१ मध्ये आहे. परंतु तोही राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. दहा वर्षांची मुदत उलटून गेली आणि ज्यांना शाळेपर्यंत पोहोचणेच सर्वांत अवघड होते, ती मुले सर्वांत मागे राहिली.

डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) अपंग बालकांचे शिक्षण हा दयेचा नव्हे, तर शिक्षणव्यवस्थेचाच एक भाग मानला आणि शक्य तेवढ्या मुलांना सर्वसाधारण शाळांत सामावून घेण्याची शिफारस केली. १९७४ मध्ये केंद्र सरकारने अपंग बालकांच्या एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. ती प्रथम समाजकल्याण खात्याकडे होती आणि १९८२ मध्ये शिक्षण खात्याकडे आली. हा बदल केवळ कारकुनी नव्हता. जोवर एखादे मूल कल्याण खात्याच्या यादीत असते तोवर ते मदतीचे धनी असते. शिक्षण खात्याच्या यादीत आले म्हणजे ते विद्यार्थी होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही हाच मार्ग पुढे नेला, पण ‘शक्य असेल तेथे’ ही सवड ठेवून. शक्य आहे की नाही हे ठरवायचे कोणी, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. व्यवहारात ते मुख्याध्यापकच ठरवीत.

१९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन प्रकरणात चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा जीविताच्या हक्कातून निघणारा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. पुढे २००२ मधील ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क घटनेत समाविष्ट झाला आणि त्याला अनुसरून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दुसऱ्या बाजूला अपंग व्यक्तींविषयीचा १९९५ चा अधिनियम होता. त्याने अठरा वर्षांपर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षण देण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. परंतु त्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि अध्ययन अक्षमतेचा समावेश त्यांत नव्हता. वाचन-लेखनात अडखळणारे मूल त्या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. अशा वेळी, १९९६ मध्ये, महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. मात्र एका राज्याने दिलेली सवलत राज्याची सीमा ओलांडली की संपते.

२००७ मध्ये भारताने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि वाचन अक्षमता हा विषय घरोघरी पोहोचला. त्या चित्रपटातील मुलाला एक सहृदय शिक्षक भेटतो आणि म्हणून ते वाचते. कायद्याचे काम नेमके याच्या पुढचे आहे : सहृदय शिक्षक भेटला नाही तरी मुलाचे शिक्षण थांबू नये. ही तरतूद दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने केली. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांचा समावेश आहे.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिव्यांग व्यक्तीची व्याख्या बदलली. दीर्घकालीन न्यूनता आणि भोवतालचे अडथळे यांच्या परस्परसंबंधातून सहभागात येणारी बाधा, अशी ती व्याख्या आहे. पायऱ्या चढता न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत उणीव पायांत आहे तशी ती उतरंड नसलेल्या इमारतीतही आहे. मूल शाळेला योग्य आहे काय, असे पूर्वी विचारले जाई. या व्याख्येमुळे शाळा मुलाला योग्य आहे काय, असे विचारणे भाग पडते.

प्रवेशाच्या वेळी

सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला शेजारच्या शाळेत प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मोफत शिकण्याचा हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा यात स्पष्ट उल्लेख केला आणि त्यांना वंचित गटात समाविष्ट केले. त्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या वर्गात राखून ठेवायच्या किमान २५ टक्के जागांवरही त्यांचा हक्क आहे. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा अधिनियम लागू होत नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला, परंतु २०१६ च्या कायद्यातील कर्तव्ये शासनमान्य असलेल्या सर्वच शैक्षणिक संस्थांना उद्देशून आहेत.) लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान ४० टक्के प्रमाणित दिव्यांगत्व, असलेल्या बालकाला हा मोफत शिक्षणाचा हक्क अठरा वर्षांपर्यंत आहे आणि तो शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत बजावता येतो.

‘पसंतीच्या’ हा शब्द वाचकाने नीट लक्षात ठेवावा. ‘या मुलाला विशेष शाळेत घाला’ किंवा ‘याला घरीच शिकवा’ हा सल्ला पालकांना वारंवार ऐकावा लागतो. तीव्र अथवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या बालकाला घरी राहून शिकण्याचा पर्याय कायद्याने दिला आहे हे खरे. पण तो पर्याय निवडण्याचा अधिकार बालकाचा आणि त्याच्या वतीने पालकांचा आहे, शाळेचा नाही. शाळेने तो पालकांवर लादला तर ज्या तरतुदीने मुलाला सवड दिली तिनेच त्याला दाराबाहेर ठेवल्यासारखे होईल.

प्रवेशासाठी बालकाची अथवा पालकांची चाचणी किंवा मुलाखत घेण्यास २००९ च्या अधिनियमाच्या कलम १३ ने मनाई केली आहे. पहिल्या उल्लंघनास २५,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनास ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सोडलेल्या मुलाला त्याच्या वयाला अनुरूप अशा वर्गात घेऊन, मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते.

वर्गाच्या आत

प्रवेश मिळाला म्हणजे हक्क पुरा झाला असे समजले जाते आणि पुष्कळशा मुलांच्या बाबतीत सारे काही तेथेच थांबते. दिव्यांगत्व डोळ्यांना दिसत असले तर शाळा निदान काहीतरी हालचाल करते. न दिसणाऱ्या अडचणीचे मूल मात्र वर्गात बसलेले असूनही शिक्षणाबाहेर असते. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. परंतु त्या गणनेत अध्ययन अक्षमतेसाठी स्वतंत्र रकानाच नव्हता. म्हणून कायद्याची खरी कसोटी पाहावयाची असेल, तर ती अशाच मुलाच्या उदाहरणावरून पाहणे योग्य होईल.

समजा, तिसरीत शिकणारी एक मुलगी आहे. तिला तोंडी हिशेब येतात, ऐकलेली गोष्ट ती तिच्या शब्दांत रंगवून सांगते, बाजारातून बिनचूक सामान आणते. पण पाठ्यपुस्तकातील चार ओळी वाचावयाला दिल्या की ती अडखळते. अक्षरे उलटसुलट लिहिते, फळ्यावरचे उतरवून घेताना ओळच सुटून जाते. शिक्षक म्हणतात, लक्ष देत नाही. वडील म्हणतात, आळशी आहे. काही महिन्यांनी मुलगीही तसेच म्हणू लागते.

येथे पहिले कर्तव्य शिक्षकाचे आहे. प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता अजमावून आवश्यक तेथे जादा अध्यापन करणे आणि पालकांशी नियमितपणे भेटून उपस्थिती व प्रगती यांविषयी बोलणे, ही कर्तव्ये २००९ च्या अधिनियमाच्या कलम २४ ने शिक्षकावर टाकली आहेत. ‘प्रत्येक बालकाची’ असे कायदा म्हणतो. दिव्यांग बालकाची असे म्हणत नाही. म्हणजेच या मुलीला कोणते नाव लावावयाचे हे ठरण्यापूर्वीच तिला मदत सुरू झाली पाहिजे. कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. साऱ्या वर्गासमोर तिला पुन्हा पुन्हा वाचावयास उभे करून हसे करणे हे शिस्तीच्या नावाखाली खपून जाते, पण कायद्यात बसत नाही.

दुसरे कर्तव्य संस्थेचे आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम १६ विशिष्ट अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून त्यावर योग्य ते शैक्षणिक उपाय योजण्यास सांगते. दिव्यांगत्वाचे प्रमाण ठरविण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ही चाळणी तिसरीच्या वर्गात अथवा वयाच्या आठव्या वर्षापर्यंत शिक्षकांनी करावी आणि मुख्याध्यापकाच्या नेतृत्वाखाली शाळेत त्यासाठी समिती असावी, असे म्हटले आहे. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांची तपासणी येते. दृष्टी किंवा श्रवण यांतील दोष तर नाही ना, हे आधी पाहिले जाते. एक सावधगिरी मात्र शिक्षकानेच बाळगावयाची आहे. घरी गोंडी किंवा संथाळी बोलणारे मूल हिंदी किंवा मराठी पुस्तकासमोर अडखळले, तर त्याला अक्षमता असेलच असे नाही. त्याला ती भाषाच परकी आहे. शक्यतोवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे २००९ चा अधिनियमच सांगतो. भाषेच्या अडचणीला रोगाचे नाव देणे आणि खऱ्या अक्षमतेला आळस म्हणणे, या दोन्ही चुका सारख्याच महाग पडतात.

तिसरी गोष्ट म्हणजे कायद्यात जिला ‘वाजवी सोय’ म्हणता येईल ती. विशिष्ट मुलाच्या गरजेनुसार, संस्थेवर अवाजवी भार न टाकता करावयाचा आवश्यक व योग्य तो बदल, असा तिचा अर्थ आहे. अशी सोय नाकारणे हा भेदभावच होय, असे २०१६ च्या कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट म्हटले आहे. आमच्या उदाहरणातील मुलीला काय लागेल? फळ्याजवळची जागा, मोठ्या अक्षरांतील मजकूर, उतरवून घेण्याऐवजी हाती दिलेला लिहिलेला कागद, काही उत्तरे तोंडी घेणे, परीक्षेत वाढीव वेळ. यांपैकी बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. वेळ आणि इच्छा लागते. पेपर सोडविण्यास जादा वेळ, लेखनिकाची मदत, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट असे बदल परीक्षापद्धतीत करण्याचे कर्तव्य कलम १७ ने शासनावर व स्थानिक प्राधिकरणांवर टाकले आहे.

या सर्व गोष्टी एकट्या वर्गशिक्षकाकडून होतील अशी अपेक्षा करणे मात्र अन्यायाचे आहे. प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण कायद्याच्या अनुसूचीत आहे. दोन-दोन इयत्ता एकत्र शिकविणाऱ्या शिक्षकाला त्याचा फारसा उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील निर्देशानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरविले : प्राथमिक स्तरावर अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरांमागे एक. प्रमाण ठरले तरी पदे निर्माण झाली नाहीत. तेव्हा मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना ही पदे मंजूर करून जाहीर करण्यास व भरण्यास पुन्हा फर्मावले. शिक्षकाच्या कर्तव्यामागे त्याची नेमणूक करणाऱ्यांचे कर्तव्य उभे असते, ते असे.

प्रमाणपत्राचा प्रश्न

‘प्रमाणपत्र आणा, मग पाहू’ हे वाक्य पालकांना सर्वत्र ऐकावयास मिळते. प्रमाणपत्र कशासाठी लागते आणि कशासाठी लागत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. अठरा वर्षांपर्यंत मोफत पुस्तके, शैक्षणिक साहित्य व साहाय्यक उपकरणे, शिष्यवृत्ती, उच्च शिक्षणात पाच टक्क्यांचे आरक्षण आणि वयाची सवलत, या गोष्टी लक्षणीय दिव्यांगत्वाशी बांधलेल्या आहेत. त्यांसाठी प्रमाणपत्र हवेच. परंतु भेदभाव न करता प्रवेश देणे, गरजेनुसार सोय करणे, प्रगतीवर लक्ष ठेवणे ही कलम १६ मधील कर्तव्ये अशी ४० टक्क्यांची अट घालीत नाहीत.

लेखनिकाच्या मदतीबाबत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराला, त्याचे दिव्यांगत्व लक्षणीय नाही या कारणास्तव, नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारण्यात आला. वाजवी सोय ही लक्षणीय दिव्यांगत्वापुरती मर्यादित नाही, असा निर्णय न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी दिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील दुसरे प्रकरण अधिक बोलके आहे. लेखन अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत हक्काचा एक तास वाढीव वेळ मिळाला नव्हता. तिच्यावर अन्याय झाला हे न्यायालयाने मान्य केले आणि त्याचे निवारण कसे करता येईल याचा विचार करण्यास परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितले. पण पुन्हा परीक्षा घेण्याचा आदेश दिला नाही. हुकलेला तास न्यायालयालाही परत देता येत नाही. म्हणून सोय मागावयाची ती परीक्षेच्या आधी, आणि लेखी.

हे विशेषेकरून पाचवी व आठवीच्या बाबतीत ध्यानात ठेवले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने या दोन इयत्तांत वार्षिक परीक्षा घेण्याची आणि जादा अध्यापन व दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा झाल्यावरही अनुत्तीर्ण राहणाऱ्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मोकळीक राज्यांना दिली. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता मात्र येत नाही. ज्या शाळेने तिसरीत अडचण ओळखली नाही आणि चौथीत सोय केली नाही, तिने पाचवीत मुलाला नापास करावे, यात परीक्षा नेमकी कोणाची झाली हे सांगणे कठीण आहे.

पालक आणि दाद

मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य अधिनियमाच्या कलम १० मध्ये आहे. घटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्येही २००२ पासून ते मूलभूत कर्तव्य म्हणून आले आहे. त्याबद्दल पालकाला शिक्षा मात्र सांगितलेली नाही आणि हे शहाणपणाचे आहे. मजुरीसाठी गाव सोडणाऱ्या आईवर दंड बसवून तिचे मूल शिकणार नाही. उलट पालकाला एक अधिकार दिला आहे, ज्याचा उपयोग फारच थोडे करतात. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि वंचित गटांतील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. शाळेचा विकास आराखडा ही समिती तयार करते. उतरंड, स्वच्छतागृह, विशेष शिक्षकाची मागणी या गोष्टी त्या आराखड्यात लिहिल्या गेल्या नाहीत, तर पुढे त्यांना पैसा कोठून मिळणार? समग्र शिक्षा योजनेने २०१८ मध्ये अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद केली आणि मुलींसाठी दरमहा २०० रुपयांचा भत्ता दहा महिने देण्याचे ठरविले. रकमा मोठ्या नाहीत, पण त्या आहेत हे समितीतील पालकाला ठाऊक असले पाहिजे.

इतके करूनही शाळा ऐकत नसेल, तर दोन वाटा आहेत. पहिली २००९ च्या अधिनियमाची. कोणीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद, महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायत यांपैकी संबंधित संस्थेकडे, लेखी तक्रार करू शकते. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. दुसरी वाट दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांची. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे व कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांच्या शिफारशीवर काय केले हे संबंधित अधिकाऱ्याने तीन महिन्यांत कळवावे लागते. शिफारस मान्य नसेल तर तिची कारणे आयुक्तांना आणि तक्रारदारालाही द्यावी लागतात. कारणे लेखी द्यावयाची म्हटले की पुष्कळ नकार गळून पडतात.

तक्रार साध्या कागदावर चालते. मुलीचे नाव व इयत्ता, कोणती सोय केव्हा मागितली, शाळेने काय उत्तर दिले आणि आता काय हवे, एवढे त्यात तारखांसह असावे. पोच घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी. वकिलाची गरज पडलीच तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बालकाला आणि दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. ते जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून मागता येते. उत्पन्नाची मर्यादा या दोघांनाही लागू नाही.